मदत हवी आहे: देवी रोगाच्या साथीने अझ्टेकांचंच कंबरडं का मोडलं?

वाचनकट्ट्यावर मेक्सिकोतल्या अझ्टेक साम्राज्याच्या पाडावावर दहा मिनिटं बोलायचंय आणि गाडी एका मुद्द्यावर अडली आहे.

घटनाक्रम पक्का आहे. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस सुमारे ५०० सैनिक आणि १६ घोडे घेऊन उतरला. अझ्टेकांचे जुने वैरी, शेजारच्या त्लाश्काला राज्याचे लोक, आधी त्याच्याशी लढले, मग त्यालाच मिळाले. जून १५२० च्या अखेरीस स्पॅनिश अझ्टेकांच्या राजधानीतून, टेनोच्टिट्लानमधून, मार खाऊन पळाले. त्याच वर्षी देवीची साथ आली, अझ्टेकांचा नवा राजा क्वित्लावाक तिच्यातच गेला. पुढच्या वर्षी शहराभोवतीच्या तळ्यात स्पॅनिशांची १३ जहाजं, शहराचं पाणी तोडलेलं, वेढा. १३ ऑगस्ट १५२१ ला शहर पडलं.

बहुतेक ठिकाणी ‘तोफा, घोडे, देवी’ एवढ्यावर भागवलेलं दिसतं. पण देवीने त्लाश्कालालाही सोडलं नव्हतं, त्यांचा बडा सरदार माशिश्कात्सिन तिनेच दगावला! तरी वेढ्यात कोर्तेसच्या बाजूने त्यांची माणसं हजारोंनी होतीच. माझा अंदाज: मेलेल्या सरदारांच्या जागी कोण बसणार याचा निवाडा कोर्तेस करू लागला, म्हणून साथ त्याच्या पथ्यावर पडली. हे एकट्याने पुरेसं वाटत नाही.

कोर्तेसला देव समजल्याची गोष्ट नको, ती नंतरची भर मानतात. स्पॅनिश येत नाही, मराठी-हिंदी-इंग्रजी चालेल.

तर दोन्ही बाजूंना देवी झाली असताना तिचा फायदा एकाच बाजूला कसा झाला?