सासरच्या घरातला हिस्सा: एचआयव्ही असलेल्या विधवेनं पैसे घेऊन हक्क सोडावा का?

पोळकरी
बडोद्याच्या जुन्या पोळांत (एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या गल्ल्यांत) आणि दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या वाड्यांत हे वारंवार घडतं. नवरा एचआयव्हीनं जातो, दिवस उरकतात आणि थोड्याच दिवसांत दीर स्टॅम्प पेपर घेऊन पुढ्यात बसतो: एवढे घे, हक्क कमी कर (म्हणजे सोडून दे), माहेरी जा. बहुतेक वेळा लागण नवऱ्याकडूनच झालेली असते, पण बोल तिच्या पायगुणाला.

माझं मत सरळ आहे, सही करू नये. समजा दोन लाख मिळाले. पाच हजार भाड्याच्या खोलीत ते चाळीस महिन्यांत संपतात, तेही पोटाचं न धरता. गुजरात सरकारच्या विधवांसाठीच्या गंगा स्वरूपा योजनेचे महिना १,२५० रुपये त्यात कुठे पुरणार? डोक्यावरचं छप्पर हीच तिची खरी मिळकत. शिवाय २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं सामायिक घरात राहण्याचा हक्क दिलाय. तिला लागण नसली, नुसती बाधित माणसाबरोबर राहिलेली असली, तरी तो लागू होतो.

समुपदेशिका
पटत नाही. हक्क कागदावर असतो, मोरी मात्र जावेच्या ताब्यात असते. ताट वेगळं, कपडे वाळत घालायची दोरी वेगळी, पिंपाला हात लावायचा नाही. अशा घरात औषधाची बाटली तांदळाच्या डब्यात लपवावी लागते. काही जणी लेबल दिसू नये म्हणून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधतात. बाटलीत ओल शोषणारी पुडी असते, कागदात ती नसते. पावसाळ्यात गोळ्या दमट होतात. कुणी खोलीत असलं की त्या दिवसाची गोळी राहते. असं वरचेवर झालं की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद न देणारा होऊ शकतो.

औषध सरकारी एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रात) फुकट आहे, रोज तीन औषधांची मिळून एकच गोळी. ती नियमित घेऊन व्हायरल लोड चाचणीत (रक्तातल्या विषाणूच्या मोजणीत) विषाणू सापडेनासा झाला की शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. ताटातून तर ती कधीच होत नव्हती. पण हे सासूला पटेपर्यंत या बाईनं झिजायचं का? रोजच्या छळापेक्षा रोख रक्कम आणि स्वतःची कडी असलेली खोली बरी.

दिवाणी वकील
तुम्ही दोघं पहिला प्रश्नच वगळताय. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं आहे? (हिंदू कुटुंबांपुरतं बोलतोय.)

घर नवऱ्याचं स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या वारसा कायद्यानुसार विधवा, प्रत्येक मूल आणि सासू यांना सारखा वाटा. दोन मुलं असली तर हिचा चौथा. घर हयात सासऱ्यांचं स्वकष्टार्जित असेल तर आज तिचा हिस्सा शून्य, फक्त राहण्याचा हक्क. मृत्युपत्र न करता सासरे गेले तर मात्र आधी वारलेल्या मुलाची विधवा म्हणून ती वारस ठरते. वडिलोपार्जित असेल तर गणित वेगळं, तिथं जुने फेरफार काढावेच लागतात. पेढीनामा (वारसांची वंशावळ) करताना हिचं आणि मुलांचं नाव आलंय ना, ते डोळ्यांनी बघावं. गडबड तिथेच होते.

आणि अज्ञान मुलांच्या वाट्यावर आईला परस्पर सही करता येत नाही, जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतं. दिराला हे सांगितलं की घाई आपोआप कमी होते.

पोळकरी
म्हणजे आधी सही नाहीच! पैसे नाहीत म्हणून घाबरायचंही कारण नाही. १९८७ च्या कायद्यानं कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा. पोटगी मागितली तर न्यायालयानं औषधपाण्याचा खर्च धरून रक्कम ठरवायची, असं २०१७ च्या कायद्यातच आहे.

समुपदेशिका
मोफत वकील मिळेल, बुडालेली मजुरी कोण देणार? खाखऱ्याच्या गृहउद्योगात किंवा घरोघरी पोळ्या लाटणाऱ्या बाईची तारखेला खाडा झाला की रोज गेला. पोळात समन्स आलं की चर्चा, चर्चा झाली की चार घरची कामं सुटतात. हा धोका तुम्ही फार हलक्यात घेताय.

दिवाणी वकील
समुपदेशिकाताई, धोका खरा आहे, पण वाटणीच्या दाव्यात आजाराचा उल्लेख करायची गरजच नाही. ती विधवा आहे एवढं पुरे. एचआयव्ही कायद्याखाली राहण्याचा हक्क मागायचा असेल तरच तो विषय येतो, आणि तिथं टोपणनावानं कामकाज चालवायची विनंती करता येते. हे अर्जाबरोबरच मागावं. नाव एकदा न्यायालयाच्या रोजनाम्यात चढलं की उशीर झाला.

समुपदेशिका
ठीक. तरीही जिला बाहेरच पडायचंय तिनं निदान एवढं बघावं. नोटरीच्या कागदावर घाईनं सही नको. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्तानंच. रक्कम डिमांड ड्राफ्टनं, सब-रजिस्ट्रारसमोर हातात पडल्यावर सही. दस्तात आजाराचा एक शब्दही नको, तो कागद पुढे कुणाच्याही हाती जातो. मुलांचा वाटा त्यांच्याच नावावर राहू द्यावा. रेशनकार्ड आधी वेगळं करून घ्यावं. आणि माहेर महाराष्ट्रात असेल तर गुजरातची विधवा मदत तिकडे चालत नाही, हा तोटा रक्कम ठरवतानाच धरावा. एआरटी केंद्र मात्र बदलून मिळतं. ट्रान्सफरचा कागद आणि पुढच्या गोळ्या घेतल्याशिवाय गाडीत बसू नये.