मदत हवी आहे: हुसाराच्या ‘मेंतिक’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी देनिस दाविदोववर लेख लिहितेय. हा रशियन सैन्यातल्या आख्तिर्का हुसार रेजिमेंटचा लेफ्टनंट कर्नल; हुसार म्हणजे हलक्या घोडदळाचे स्वार. १८१२ मध्ये बोरोदिनोच्या लढाईआधी त्याने आपला सेनापती बाग्रातिओन याच्याकडे नेपोलियनच्या पिछाडीवर छापे घालायची परवानगी मागितली. हाती आले ५० हुसार आणि ८० कोसॅक घोडेस्वार. तेवढ्यावर तो फ्रेंचांची रसद तोडायला निघाला.

अडलंय ते कपड्यांपाशी. हुसाराच्या अंगात दोलमान असतो, म्हणजे घट्ट बसणारं आखूड जाकीट, छातीवर गोफाच्या आडव्या ओळी. मेंतिक त्याच घाटाचं, पण कडांना फर लावलेलं. थंडीत ते दोलमानवर चढवायचं, एरवी डाव्या खांद्यावर अडकवायचं. आख्तिर्काचे दोन्ही तपकिरी.

मेंतिकला तळटीप देऊन सुटता येत नाही, कारण सगळा प्रसंग त्यावरच उभा आहे. गावकरी दाविदोवच्याच लोकांना फ्रेंच समजून वेशी बंद करत, अंगावर धावून येत. का, म्हणून विचारलं तर त्याच्या मेंतिककडे बोट दाखवून सांगत, त्यांचेही कपडे असेच असतात म्हणे! मग त्याने शेतकऱ्याचा काफ्तान, म्हणजे लांब अंगरखा, चढवला, दाढी वाढवली आणि छातीवरचं संत आनाचं पदक काढून संत निकोलसची प्रतिमा लावली. इथे वाचकाला मेंतिक डोळ्यांसमोर दिसलंच पाहिजे. ‘डगला’ ढगळ वाटतो, ‘बंडी’ला बाह्या नाहीत, ‘बाराबंदी’ म्हटलं की थेट मावळाच उभा राहतो.

बाकी बरंच आपल्या घोडदळाच्या शब्दांत बसलं. कोसॅक स्वतःचा घोडा आणि सरंजाम घेऊन येतो, म्हणून ‘शिलेदार’. साध्या हुसाराचा घोडा सरकारी, म्हणून ‘बारगीर’. खोगिरावरच्या नक्षीदार कापडाला ‘झूल’. त्याच वर्षी हुसारांच्या पहिल्या रांगेलाही भाले मिळाले, पण उलानांच्या (भालाईत घोडेस्वारांच्या) भाल्यांसारखे फरारे, म्हणजे छोटी निशाणं, त्यांना नव्हते. चित्रकाराने ते काढले होते, मी खोडायला लावले.

तलवारीशेजारी पट्ट्यांनी लोंबणारी चपटी चामडी पिशवी, ‘ताश्का’, हीसुद्धा राहिलीय. ‘बटवा’ म्हटलं की पानसुपारी आठवते.

जुने पोशाख, बखरी, शिवणकाम यांतलं कळणाऱ्यांनी कृपया सुचवा: फरच्या कडांच्या, बाह्यांच्या, आखूड जाकिटाला चपखल शब्द आहे का? की ‘मेंतिक’च ठेवून पहिल्याच परिच्छेदात त्याचं वर्णन करू? शब्द कुठे वाचलात किंवा कुणाच्या तोंडून ऐकलात तेही लिहा.