पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या चाचण्या) नॉर्मल, तरी बाळाचं रक्त थांबत नाही. कुठे दाखवू?

कृष्णाकाठ:
भाचा 11 महिन्यांचा आहे. नाळ पडल्यावर बेंबीतून चार दिवस रक्त पाझरत होतं. परवा पलंगाच्या कडेवर ओठ फुटला. रक्त थांबलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उशी लाल. पीटी, एपीटीटी, प्लेटलेट सगळं नॉर्मल, म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं. बहिणीचं लग्न मामाच्या मुलाशी झालंय. काय करावं?

आबा_वाईकर:
व्हिटॅमिन केचं इंजेक्शन द्या, आमच्या नातवाला फरक पडला.

लॅबवाली:
आबा, थांबा. के कमी पडलं की 2, 7, 9, 10 हे रक्त गोठवणारे फॅक्टर घटतात आणि पीटी आधी बिघडतो. इथे तो नॉर्मल आहे. निदान होईपर्यंत दंडात-मांडीत कुठलंच इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आत रक्त साकळतं.

कृष्णाकाठ, फॅक्टर 13 तपासा. गुठळी धरली की आमचं मशीन घड्याळ थांबवतं, आणि 13 चं काम तिथून पुढे सुरू होतं: गुठळीतल्या फायब्रिनच्या धाग्यांना गाठी मारायचं. गाठी नसतील तर गुठळी धरते आणि नंतर विरघळते. म्हणून दुसऱ्या दिवशीचं रक्त. बेंबीतून रक्त ही याची जुनी ओळखीची खूण. जुनी चाचणी साधी आहे: गुठळी युरियात ठेवायची, 13 नसेल तर ती विरघळून जाते. पण ती फक्त अगदी कमी असलेलाच पकडते, म्हणून पातळीही मोजून घ्या. मुंबईत परळला केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची (रक्ताच्या आजारांची) राष्ट्रीय संस्था आहे, तिथे विचारा. प्लाझ्मा (रक्ताचा द्रव भाग) चढवायच्या आधीच नमुना द्या, नाहीतर दात्याचा 13 मोजला जातो आणि रिपोर्ट फसवा येतो.

तेरावाली:
मला स्वतःला हाच, फॅक्टर 13 च्या कमतरतेचा आजार आहे. मुलींनाही होतो, हिमोफिलियासारखं मुलग्यांपुरतं नाही. दोन्हीकडून सदोष जनुक आलं तरच, म्हणून नात्यातल्या लग्नात जास्त दिसतो. माझे तीन गर्भ राहिले नाहीत, तेव्हा कुठे कळलं. आता चार आठवड्यांनी क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, 13 असलेला घटक) घेते. हा फॅक्टर रक्तात आठवडाभराहून जास्त टिकतो, तेवढं आपलं नशीब. बाळ डोक्यावर पडलं तर टेंगूळ येण्याची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको.

कृष्णाकाठ:
सोमवारी परळला निघतोय. प्लाझ्मा दिला नव्हता, फाईल काढून खात्री केली.