बीबीसीचं टीव्ही लायसन्स: ठेवायचं की सबस्क्रिप्शन आणायचं?

लेस्टरकर

बीबीसीचा कारभार ज्या सरकारी सनदेवर चालतो ती सध्याची सनद 31 डिसेंबर 2027 ला संपते. त्यापुढे पैसा कुठून आणायचा, यावरून ब्रिटनमध्ये जोरात वाद चालू आहे. आत्तासारखं घरटी लायसन्स, म्हणजे टीव्ही पाहणाऱ्या घरानं भरायची वार्षिक फी, ठेवायचं (2025-26 मध्ये ती 174.50 पौंड होती), की ज्याला पाहायचं त्यानंच पैसे भरायचे?

माझं मत आधीच सांगतो: सबस्क्रिप्शन नको. पैसे न भरणाऱ्याला बाहेर ठेवायचं तर आधी कुलूप लागतं. फ्रीव्ह्यू, म्हणजे छपरावरच्या अँटेनातून येणारं डिजिटल प्रक्षेपण, खुलं आहे. स्वस्तातल्या बहुतेक बॉक्सना कार्ड घालायची खाचच नसते. टीव्हीला ती असली तरी त्यात बसणारं मॉड्यूल आणि कार्ड घरोघरी पोचवायचं कोणी, त्याचे पैसे कोणी द्यायचे? रेडिओचं तर बोलूच नका. ब्रिटनमध्ये 1971 पासून रेडिओला वेगळं लायसन्स नाही, त्याचा खर्च टीव्हीच्याच फीमधून निघतो. स्वयंपाकघरातल्या एफएम संचाला समोरच्यानं पैसे भरलेत की नाही हे कळायची सोय नाही. टीव्हीला कुलूप लावलं की पहिली गदा रेडिओवर येणार.

रोखठोक

लेस्टरकर, कुलपाची अडचण दहा वर्षांपूर्वी खरी होती. आज आयप्लेअर, म्हणजे बीबीसीची ऑनलाइन सेवा, लॉगिनशिवाय उघडत नाही. इंटरनेटवरून थेट चॅनल दाखवणारी फ्रीली सेवा 2024 मध्ये आली, आणि फ्रीव्ह्यूची हमी 2034 पर्यंतच आहे. मग 2027 नंतरच्या सनदेत छपरावरच्या अँटेनासाठी सगळी व्यवस्था का अडवून धरायची?

मुळात ही फी अन्यायाची आहे. एकट्या सफाई कामगाराला जेवढी, तेवढीच हवेलीत राहणाऱ्यालाही. बीबीसी कधीच न लावणारा माणूस दुसऱ्या वाहिनीवर थेट मॅच बघतो, तरी त्याला लायसन्स लागतं. अंध व्यक्तीला सवलत फक्त निम्मी. पंचाहत्तरीपुढच्यांचं सरसकट मोफत लायसन्स ऑगस्ट 2020 मध्ये गेलं, आता पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत) मिळत असेल तरच.

भरायची पद्धतही बघा. मासिक डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) घेतलं तर पहिल्या वर्षाची पूर्ण रक्कम सहा महिन्यांत वसूल होते, म्हणजे 2025-26 च्या दरानं महिन्याला साधारण 29 पौंड. त्यानंतर हप्ता निम्म्यावर येतो, पण तोवर तुम्ही कायम सहा महिने आगाऊ भरलेले असता. तिमाही भरलं तर दर हप्त्याला सव्वा पौंड जास्त. हातावर पोट असलेल्यालाच हे झोंबतं.

हिशेबनीस

हप्त्यांबद्दल रोखठोक यांच्याशी सहमत. मात्र अडचणीत असलेल्यांना सिंपल पेमेंट प्लॅन मागता येतो, त्यात पंधरवड्याला किंवा महिन्याला समान रक्कम भरायची, आगाऊ काही नाही. हे लायसन्सच्या पत्रात ठळक छापायला हवं.

आता सबस्क्रिप्शनचा आकडा मांडून बघू. फीचं वार्षिक उत्पन्न सुमारे 3.8 अब्ज पौंड, लायसन्सं सुमारे 2.38 कोटी. सवलती आणि वर्षाच्या मध्ये घेतलेली लायसन्सं धरून सरासरी घरटी 160 पौंड पडतात. समजा निम्म्या घरांनी सबस्क्रिप्शन घेतलं, तर तेवढ्याच रकमेसाठी घरटी सुमारे 320 पौंड लागतील. लायसन्सवर व्हॅट नाही, सबस्क्रिप्शनवर 20 टक्के लागेल. म्हणजे 384, महिन्याला 32 पौंड. एवढ्या दरात निम्मी घरं टिकतील का? नाही टिकली तर दर आणखी वाढवा, किंवा कार्यक्रम कापा. पहिले कापले जातात ते स्थानिक रेडिओ, गेलिक आणि वेल्श भाषेतले कार्यक्रम, शाळेसाठीचं साहित्य, कारण त्यांच्यासाठी कोणी वेगळे पैसे भरत नाही.

रोखठोक

हिशेब बरोबर आहे, पण तो सगळं आहे तसं ठेवण्याचा आहे. बातम्या, मुलांचे कार्यक्रम आणि रेडिओ सरकारी अनुदानातून मोफत ठेवा, आणि मालिका व करमणूक सबस्क्रिप्शनवर न्या. अनुदानाची वाट नवी नाही. बीबीसी मराठी 2 ऑक्टोबर 2017 ला सुरू झाली ती वर्ल्ड सर्व्हिसच्या (बीबीसीच्या परदेशांसाठीच्या सेवेच्या) ज्या विस्तारात, त्याचा पैसा ब्रिटिश सरकारनं वेगळा दिला होता.

लेस्टरकर

तेच उदाहरण उलट बाजूनं बघा. वर्ल्ड सर्व्हिसचं अनुदान सरकारनं काढलं आणि एप्रिल 2014 पासून तो भार लायसन्सवर टाकला. मग काही भाग पुन्हा अनुदान म्हणून आला. नळाची तोटी मंत्र्याच्या हातात असली की असंच होतं. बातमी देणाऱ्याचा पैसा दरवर्षीच्या बजेटमध्ये अडकू नये.

रोखठोक

आणि फीची तोटी कोणाच्या हातात आहे? 2022 पासून दोन वर्षं ती 159 पौंडांवर सरकारनंच गोठवली. 2015 मध्ये पंचाहत्तरीच्या मोफत लायसन्सचा खर्चही सरकारनंच बीबीसीच्या गळ्यात घातला. स्वातंत्र्याचा हा युक्तिवाद मला पटत नाही.

कलम363

इथे दोघांचंही एक राहून जातंय, फौजदारी बाजू. लायसन्स नसताना थेट प्रक्षेपण पाहणं (कोणत्याही वाहिनीचं, कोणत्याही उपकरणावर) किंवा सप्टेंबर 2016 पासून आयप्लेअर वापरणं हा कम्युनिकेशन्स ॲक्ट 2003 प्रमाणे गुन्हा आहे, दंड 1,000 पौंडांपर्यंत. बहुतेक खटले एकच मॅजिस्ट्रेट, बंद खोलीत, नुसत्या कागदांवर निकाली काढतो. आरोपाच्या पत्राला उत्तर आलं नाही की शिक्षा. यात बहुसंख्य आरोपी महिला असतात, कारण दिवसा दार वाजलं की तेव्हा घरी त्याच सापडतात. टीव्हीच्या फीसाठी हे चालू राहणं मला अजिबात मान्य नाही.

शिकायला आलेल्या मराठी मुलांसाठी: चौकशी अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय आत यायचा हक्क नाही. फक्त नंतर पाहायच्या सेवा (आयप्लेअर सोडून) वापरत असाल तर लायसन्स नको, ऑनलाइन तसं जाहीर करता येतं. फोन किंवा लॅपटॉप चार्जरला न लावता बॅटरीवर चालणारा असेल तर पालकांच्या पत्त्यावरचं लायसन्स चालतं, पण ते पालक ब्रिटनमधले. पुण्यातल्या पत्त्याचा उपयोग नाही. खोलीला स्वतंत्र भाडेकरार असेल तर लायसन्सही त्या खोलीचं स्वतंत्र लागतं.

मार्ग जर्मनीचा आहे. 2013 पासून तिथे टीव्ही आहे का हे विचारतच नाहीत. प्रत्येक घराला महिन्याला 18.36 युरो, चौघं एकत्र राहत असतील तरी एकदाच, आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना फीमाफीसाठी अर्ज करता येतो. टीव्ही शोधत दारोदार फिरायची गरजच संपली.

सह्याद्रीदर्शक

भारतातला अनुभव इथे नोंदवायलाच हवा. आपल्याकडे रेडिओ-टीव्हीचं लायसन्स पोस्टात मिळायचं, 1985 मध्ये ते रद्द झालं. त्याआधीच, 1 जानेवारी 1976 पासून, दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या होत्या. लायसन्स गेल्यावर प्रेक्षकाच्या पैशाचा धागा तुटला आणि दूरदर्शन केंद्राचं अनुदान व जाहिराती या दोन खुंट्यांवर लटकलं. 1997 मध्ये प्रसार भारती स्वायत्त झाली, पण तिजोरीची किल्ली केंद्राकडेच राहिली. लायसन्स काढून टाकणं सोपं असतं. त्या जागी काय येतं, ते आधी लिहून घ्या.

आणि फ्री डिशनं, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डीटीएच सेवेनं, काय केलं तेही बघा. साठेक सेंटिमीटरची तबकडी, बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं काही नाही. खाजगी वाहिन्या जागेसाठी लिलावात बोली लावतात, त्यातून प्रसार भारतीला पैसा मिळतो. सबस्क्रिप्शन असतं तर वाडीवरच्या घरात सह्याद्री पोचली नसती.

रोखठोक

सह्याद्रीदर्शक, त्या लिलावात जास्तीत जास्त बोली लावणाऱ्यांच्या मालिकाच घरात जातात ना? सह्याद्रीवरच्या कार्यक्रमाला पैसा त्यातून किती मिळतो, हा वेगळा प्रश्न. कलम363 यांचा जर्मन मार्ग मात्र मला सबस्क्रिप्शनच्या जवळपास पटतो. अट एकच: रक्कम उत्पन्नाप्रमाणे ठरावी, फिनलंडमध्ये 2013 पासून आहे तशी. घरटी सपाट रक्कम ठेवलीत तर माझा पहिला आक्षेप तसाच राहतो.

लेस्टरकर

उत्पन्नाप्रमाणे घ्यायचं तर वसुली कर खात्याकडे जाते, आणि दर पुन्हा संसदेत ठरतो. किमान पाच-सात वर्षांसाठी तो आधीच बांधून टाकला, तर मी याला तयार आहे.