रिंगाण वाचून झालं, आता पुढे काय वाचू? गाव सुटलेल्या माणसांची पुस्तकं सुचवा

भीमाकाठची

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं माझं वाचन ठप्पच झालं होतं, म्हणजे पुस्तकं विकत घेणं चालू, वाचणं बंद, आणि रात्री मोबाइल बघत झोपायचं. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीनं कृष्णात खोतांचं रिंगाण अक्षरशः हातात कोंबलं (२०२३ चं साहित्य अकादमी मिळालं ते). धरणात उठलेलं गाव, भलतीकडे नेऊन वसवलेली माणसं, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला परत त्या रानात निघालेला देवाप्पा. एवढंच. पण काय पुस्तक आहे! पुढचं सांगत नाही, वाचा.

भाषा पन्हाळ्याकडची, मला पहिली वीसेक पानं जडच गेली. मग कंटाळून मोठ्यानं वाचायला लागले तर एकदम चालच सापडली. आतल्या खोलीतून आजी उठून आली, पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली पुढं वाच. तिला एरवी सिरियलशिवाय काही लागत नाही.

आमच्या आजोळचं जुनं गावठाण उजनीच्या पाण्यात आहे. पळसदेवचं देऊळ तुम्हाला माहीत असेल, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात, आमचं त्याच पट्ट्यातलं. म्हशीचं वाचून झाल्यावर आजी म्हणाली, आमची मांजर तीनदा परत गेली होती. नव्या घरी पोत्यात घालून आणली की दोन दिवसांनी गायब, आजोबा जाऊन बघतात तर जुन्या घरात चुलीच्या राखेत बसलेली. घराचे वासे, दारं सगळं काढून नेलेलं, नुसत्या भिंती, आणि ही चुलीत. चौथ्यांदा गेली तेव्हा पाणी आलं होतं. हे आजीनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या आईलासुद्धा नाही.

तर मला अशीच पुस्तकं हवीयेत, गाव उठलं, सुटलं, ओस पडलं अशी. फार जाड नकोत, पुणे-सोलापूर गाडीत उभ्यानं वाचायची असतात. तुम्ही सध्या काय वाचताय तेही सांगा.

माणदेशी_मास्तर

ताई, तुमच्या आजीला बनगरवाडी वाचून दाखवा. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. पातळ आहे, गाडीत दोन खेपांत संपेल.

लोक त्याला धनगरवाडीचं वर्णन म्हणून वाचतात, मला ते शाळेच्या पटाचं पुस्तक वाटतं, कारण मी स्वतः जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली पहिली सहा एकशिक्षकी शाळेत. पहिल्या दिवशी माझ्याकडे अकरा पोरं होती, दिवाळीनंतर चार, कारण बाकीची ऊसतोडीला आईबापामागं गेली. कादंबरीतला मास्तर वाडीवर येतो तर शाळा आहे, पोरं नाहीत, पोरं मेंढरांमागं. मग हळूहळू जमतात, कारभाऱ्याचा विश्वास बसतो, वाडी मिळून तालीम बांधते, आणि मग दुष्काळ. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, आणि पोरंच नाहीत म्हटल्यावर मास्तराला तिथं कामच उरत नाही. धरण नाही, सरकारी नोटीस नाही, नुसता पाऊस आला नाही आणि वाडी उठली. मी दर दोन-तीन वर्षांनी वाचतो, शेवटची दहा पानं वाचवत नाहीत तरी वाचतो. गेल्या आठवड्यात परत वाचलं.

अमोल पालेकरांचा सिनेमाही आहे, वाईट नाही, पण आधी पुस्तक.

माडगूळकर आवडले तर पुढं माणदेशी माणसं घ्या, सुट्टे सुट्टे तुकडे आहेत, एका स्टेशनला एक. आणि नंतर सत्तांतर, त्यात माणूस जवळजवळ नाहीच, वानरांच्या टोळ्या आहेत. (मोठ्यानं वाचायची आयडिया झकास. ग्रामीण लेखन डोळ्यांनी वाचणाऱ्यांना निम्मंच कळतं असं माझं मत आहे, राग मानू नये.)

बुडीतातला

जाड नको म्हणालात तरी झाडाझडती सोडून चालणार नाही. विश्वास पाटील, १९९२ चं अकादमी. धरणग्रस्तांवर मराठीत ज्याला कुणाला काही लिहायचंय त्याला त्या पुस्तकावरूनच जावं लागतं. लेखक स्वतः महसूल खात्यात अधिकारी होते त्यामुळे कागद कसा फिरतो, कुठं अडतो, कोण अडवतो हे त्यांना आतून माहीत आहे आणि ते पानापानावर दिसतं.

मी स्वतः प्रकल्पग्रस्ताचा नातू. आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात संपादनाची नोटीस, मोबदल्याचे कागद, जुने सातबारे आणि मधेच एक लग्नपत्रिका, कारण तिच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आजोबांनी कुठल्या तारखेला कोणत्या टेबलाला गेलो ते पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. एकोणीस तारखा आहेत. शेवटच्या तारखेपुढं फक्त ‘साहेब रजेवर’. झाडाझडती वाचताना मला सारखी ती पत्रिका आठवत होती.

दोष पण सांगतो. काही ठिकाणी फार आवाज चढतो, दु:खावर दु:ख रचत जातात, मला मधली पन्नासेक पानं ओलांडून पुढं जावंसं वाटलं. रिंगाणमध्ये तसं होत नाही, तिथं एक माणूस आणि एक म्हैस, बास. पण दोन्ही लागोपाठ वाचली तर एकात सगळं गाव दिसतं आणि दुसऱ्यात एकच जण. गाडीत नको, घरी वाचा.

तिरकस_वाचक

सगळे मिळून त्या बिचारीला रडवायला बसलात का! दोन वर्षांनी कुणीतरी वाचायला लागलंय, तिच्या हातात लगेच पाचशे पानांचं विस्थापन. परत मोबाइलकडे जाईल ती.

माझं ऐका, गोडसे भटजींचं माझा प्रवास घ्या. गाव सुटण्याचंच आहे पण गडी परत येतो. विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसईचे, घरात कर्ज, उत्तरेत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर मिळणार असं कळलं म्हणून काकांना घेऊन निघाले आणि बरोब्बर १८५७ च्या बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात आत होते. इंग्रजांनी गाव घेतल्यावर जी कत्तल केली तिला ते ‘विजन’ म्हणतात, ती पानं वाचून झाल्यावर मी पुस्तक बंद करून गच्चीवर जाऊन आलो. पण सांगणाऱ्याचा सूर बघा, भूक लागली, पोळ्या मिळाल्या, पैसे लुटले गेले, पाय दुखले, राणी अशी दिसायची, सगळं एकाच सुरात. शेवटी मिळवलेली दक्षिणा बहुतेक सगळी गेली आणि माणूस गंगेची कावड घेऊन घरी आला. मी मागच्या पंधरवड्यात तिसऱ्यांदा वाचलं.

एक काळजी घ्या, १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलेल्या आवृत्तीत त्यांनी बराच हात फिरवलाय. मूळ हस्तलिखितावरची दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची, ती किंवा तिच्यावरून काढलेली मिळाली तर बघा, भटजींची खरी बोली तिच्यात आहे.

आणि तुमच्या विषयाचंच म्हणाल तर वरसई गाव आता बाळगंगा धरणाच्या बुडीत क्षेत्रात धरलेलं आहे. झाशीतून जिवंत परत आले, कुठल्या गावी, तर त्या. घ्या, झालं समाधान? मीच रडवलं शेवटी.

खाडीपलीकडे

पडघवली! कुणीच कसं नाही सांगितलं? गोनीदांचं, म्हणजे गो. नी. दांडेकरांचं, १९५५ चंच म्हणजे बनगरवाडीच्याच साली. अंबावहिनी सांगतेय, कोकणातलं गाव डोळ्यांदेखत खचत जातंय. आमच्या गावात आज अठ्ठावीस घरं, त्यातली एकवीस कुलूपबंद, गणपतीत उघडतात, त्यामुळे मला ती कादंबरी जुनी वाटतच नाही. दांडेकरांचं कधीकधी जरा गोड गोड होतं हे मान्य, पण अंबावहिनीचं बोलणं ऐकताना मी ते माफ करते. उलट्या दिशेचं हवं असेल तर त्यांचंच माचीवरला बुधा, मुंबई सोडून राजमाचीवर परत गेलेला म्हातारा, एकटा, खूश.

माणदेशी_मास्तर

पडघवलीला माझंही मत. माचीवरला बुधा मला जमलं नाही, डोंगरावर एकटं राहणं इतकं सुखाचं नसतं, पावसाळ्यात सरपण ओलं झालं की कळतं.

खाडीपलीकडे

मास्तर, तुम्ही सरपणाचा हिशोब लावून कादंबरी वाचता!

माणदेशी_मास्तर

लावतो ना. माडगूळकरांच्यात तो बरोबर येतो.

भीमाकाठची

सगळ्यांना थँक्यू, रिप्लायला उशीर झाला कारण वाचत होते.

वाचनालयात गेले तर झाडाझडती बाहेर गेलेलं, पडघवलीचा बाइंडिंगवाल्यानं कापून कापून समास इतका अरुंद केलाय की ओळीची शेवटची अक्षरं शिवणीत गेलीत, ते ठेवून दिलं. बनगरवाडी मिळालं. आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं अवघड शब्दांचे अर्थ लिहिलेत, दोन ठिकाणी आजीनं ते चूक ठरवले आणि मला खोडायला लावलं. मी खोडलं नाही, बाजूला तिचा अर्थ लिहिला, वाचनालयवाल्यांनी माफ करावं.

रोज रात्री जेवणं झाल्यावर दहा-बारा पानं. आजीचं लक्ष गोष्टीपेक्षा मेंढरांकडे जास्त, कुणाची किती मेली ते विचारते. दुष्काळ सुरू झाला तसं म्हणाली आज इथंच थांबव. काल थांबलो, आज परत तिनंच काढलं पुस्तक.

गोडसे भटजी ऑर्डर केलंय. मागच्या रविवारी उजनीकाठी भिगवणला गेलो होतो, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला पुण्याची माणसं बोटीत बसून चालली होती, आजी काठावर उभी राहून त्यांच्या बोटीकडे बोट दाखवून सांगत होती की आता बघ ते आपल्या मळ्यावरून चाललेत, आता विहिरीवर आले.

बुडीतातला दादा, ती लग्नपत्रिका जपून ठेवा. शक्य असेल तर फोटो काढून ठेवा, पेन्सिल पुसट होते.