गुलमर्गसाठी स्नोबोर्ड विकत घ्यावा की भाड्याने?

पुण्याचा पाहुणा: फेब्रुवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकण्याचा विचार आहे. उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. बर्फावर आजवर कधी उभाही राहिलेलो नाही. बोर्ड, बूट, बाइंडिंग (बूट बोर्डला घट्ट धरून ठेवणारी पकड) हा सगळा संच इथूनच विकत न्यावा का, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बर्फवेडा: बोर्ड भाड्यानेच घ्यावा. पैसे खर्चायचेच असतील तर ते बुटांवर खर्चावेत, कारण बूट सैल असला की टाच आतल्या आत उचलली जाते आणि पायाचा दाब बोर्डच्या कडेपर्यंत पोहोचतच नाही. एकच मोजा घालून बूट बांधावा. सरळ उभे असताना बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवताच किंचित मागे सरकावीत. (माझा पहिला बूट एक नंबर मोठा होता, तीन दिवस मी बोर्ड सोडून बूटच सांभाळत होतो.) आपल्या वजनाला १५० ते १५५ सेंटिमीटरचा, सहज वाकणारा बोर्ड पुरेसा आहे.

उतारावरची ताई: वरील मताशी सहमत आहे, मात्र हेल्मेट आणि मनगटाचे संरक्षक विसरू नयेत, कारण नवशिका पडताना हात टेकतो आणि पहिला मार मनगटालाच बसतो. कोणता पाय पुढे ठेवणे सोयीचे वाटते, हे आधी ठरवून दुकानदाराला सांगावे, म्हणजे तो बाइंडिंग त्याप्रमाणे बसवून देईल.

पुण्याचा पाहुणा: आभारी आहे. बूट आणि संरक्षक घेतो, बोर्ड तिथेच पाहतो.