जलाशय आणि जुनं झाड असलेला गोल ट्रेक, कुठल्या बाजूने सुरू करावा?

पायपीट: जंगलातला गोल ट्रेक आहे, ११ किमी, एकूण चढ ४५० मीटर, मधे जलाशय आणि एक भलंमोठं जुनं झाड लागतं. सोबत आई येतेय, रोज चालते पण चढाची सवय नाही. किती वेळ धरू?

रानवाट: नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा आहे, साधारण ५ किमीला १ तास आणि वर दर ६०० मीटर चढाला अजून १ तास. म्हणजे तुमचे ३ तास, पण त्यात थांबणं, फोटो, दम खाणं काहीच धरलेलं नाही, आई आहे तर ५ धराच. खडी बाजू चढायला घ्या, उतरायला नको, गुडघ्यांची वाट लागते.

डोंगरपावलं: जलाशयाच्या कडेची पायवाट मॅपवर दिसते म्हणून असेलच असं नाही हां, पाणी वाढलं की ती सरळ बुडते आणि पाणी उतरलेलं असलं तर काठचा चिखल वरून भेगाळलेला, कडक दिसतो अन् पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. पोहायला तर अजिबात उतरू नका, काठापासून दोन पावलांवरच एकदम खोल असू शकतं.

पायपीट: बरं झालं विचारलं. झाड पोकळ आहे म्हणे, मेलंय का?

सालपान: पोकळ म्हणजे मेलेलं नव्हे, जिवंत भाग सालीलगत असतो, गाभा कुजला तरी झाड उभं राहतं. फक्त बुंध्याशी गर्दी करू नका, माती दाबली जाते आणि मुळांना हवा मिळत नाही. फोटो लांबूनच छान येतो, पूर्ण झाड मावतं तरी.